होडीची राखण

माझं माहेर लोणारचं. म्हणजे लग्न होईपर्यंत एवढं मोठं तळं डोळ्यांसमोर होतं, आणि त्यात एकदाही होडी पाहिली नाही. ते पाणीच तसलं, खारट आणि उग्र वासाचं. त्यात कोणी पाय घालत नाही, तर होडी कोण घालणार? सासर मिळालं पिंपळगाव राजाचं. तिथे पाणी म्हणजे विहीर. आता राहते जळगाव जामोदला. इथे नळ, आणि तोही आपल्या मर्जीने येणारा. असं कोरडं आयुष्य काढलेल्या बाईवर म्हातारपणी होडी सांभाळायची वेळ आली.

होडी खरी नव्हती, कॉम्प्युटरवरची होती. थकले मात्र मी खरोखरची.

हा सगळा उद्योग माझ्या नातीचा. मुलाची मुलगी. मुलगा आणि सून दोघंही शाळेत शिकवतात, दिवसभर बाहेर. घरात मी आणि आमचे हे. यांच्या अंगावरून वारं गेलं त्याला बरेच दिवस झाले; आता काठी घेऊन डावा पाय ओढत चालतात आणि उजव्या बाजूने बोलतात. बोलण्याची धार मात्र वाऱ्याने नेली नाही. नातीचं शिक्षण संपलं होतं, नोकरी लागायची होती, तो उन्हाळा ती आमच्यासोबत घरी होती. तिच्या लॅपटॉपवर एक गेम होता. त्यात माणूस ओसाड बेटावर येऊन पडतो. अंगावर धड कपडा नाही, हातात काही नाही. लाकडं तोडायची, दगड वेचायचे, खोपटं बांधायचं, बोरंबिरं खाऊन जगायचं.

मी म्हटलं, "यासाठी गेम कायले पाह्यजे? माह्यं लग्न झालं तवा हेच तं होतं."

"मग तुले तं येतेच सगळं," ती म्हणाली. "बस इथं."

आणि मी बसले. पोट्टीच्या लक्षात आलं होतं की म्हातारीची तारीफ केली की म्हातारी कुठेही बसते.

तिने मला माझी एक बाई करून दिली. बारीक कमरेची, लांब वेणीची, गुडघे न दुखणारी. बटन दाबलं की पळत सुटायची, म्हणजे मला तिला चालवताच येत नव्हतं, पळवताच यायचं. पहिल्या दिवशी मी तिला खोल पाण्यात घालून बुडवली, दुसऱ्या दिवशी कड्यावरून खाली टाकली. मेली की ती पुन्हा किनाऱ्यावर उभी, आणि मी पुन्हा तिला कशावर तरी नेऊन आदळायची. विशीतली मी अगदी अशीच होते. हातात मावतील त्यापेक्षा जास्त लाकडं, समोर काय आहे ते न बघता धूम, आणि चेहऱ्यावर असा भाव की गाव माझ्यामुळे चाललंय.

त्या बेटासमोर दुसरं बेट होतं. धुक्यात निळी टेकडी दिसायची, आपल्या सातपुड्यासारखी. तिथे जायचं, असं नातीच्या मनात होतं. त्यासाठी होडी.

पहिली होडी आम्ही बांधली, पाण्यात सोडली आणि माझ्या बाईला काठावर उभी ठेवून, गेम चालूच ठेवून जेवायला उठलो. त्या गेममध्ये होडीच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी असते. लाट लागली, खडकाला घासली, पाऊस झाला की पट्टी आखडत जाते, लाल होते, आणि संपली की होडीच्या फळ्या होतात. जेवून आलो तर फळ्या तरंगत होत्या.

दुसऱ्या होडीचं मी मनावर घेतलं. म्हटलं, तुम्हा पोरींना वस्तू सांभाळता येत नाही. बैलबंडी कशी ठेवतो आपण? पावसाळ्यात कोठ्यात, छपराखाली, चाकांना दगड लावून. मी उंचवट्यावर झकास छप्पर बांधलं, बाजूला कूड घातला आणि आतच होडी बांधायला घेतली, म्हणजे पावसाचा थेंब लागायला नको. होडी सुरेख झाली. पट्टी हिरवीगार. मग कळलं की ती छपरातून निघत नाही आणि पाण्यापर्यंत जात नाही. आम्ही दोघी तिला ढकलत बसलो. खाटेवरून हे पाहत होते.

"बैल जुंप ना," म्हणाले. "जोडी आण, न्या होडी खामगावच्या बाजारात."

तिसरी होडी मोठी, शिडाची. तिच्यात आमचा पूर्ण उन्हाळा गेला. झाडं तोडायची, फळ्या करायच्या, एका झुडपापासून धागा आणि धाग्याचं कापड करून शीड शिवायचं. बाहेर ऊन असं की दार उघडवत नव्हतं, आणि आम्ही दोघी कूलरसमोर बसून समुद्रकाठी घाम गाळत होतो. होडी पाण्यावर उभी राहिली त्याच आठवड्यात नातीला पुण्याची नोकरी लागली.

निघताना तिने जुना लॅपटॉप मला दिला. ते बेट इंटरनेटवर कुठेतरी ठेवलेलं असतं म्हणे. ती पुण्याहून उघडणार, मी इथून, आणि दोघी एकाच किनाऱ्यावर. "दिवाळीले येईन तवा जाऊ समोरच्या बेटावर," म्हणाली. "तवर होडी सांभाळ, आजी."

आधी मी ते एवढं मनावर घेतलं नाही. पण तिचे फोन येऊ लागले आणि दर फोनमध्ये आवाज बारीक होत गेला. ऑफिसात ती 'मले' म्हणाली की हसतात. मग ती 'मला' म्हणायला लागली, मग मोजकंच बोलायला लागली, मग तिथे बोलेनाशीच झाली. घरी येते, झोपते, उठते, जाते. मी विचारलं, "मैत्रिणी?" तर म्हणे, "आहेत ना." त्या 'आहेत ना'मध्ये एकही मैत्रीण नव्हती. आणि फोन ठेवताना दर वेळी विचारायची, "होडी आहे ना आजी?" मी विचारलं एकदा, एवढं काय त्या होडीत? म्हणाली, "दिवाळीले कुठी तरी जायचं आहे असं वाटते ना त्यानं. बाकी कुठी जायचं नाई मले."

तेव्हापासून मी राखणीला बसले.

राखण म्हणजे काय हे आमच्या पिढीच्या बाईला सांगावं लागत नाही. नवी सून असताना सासरच्या शेतात ज्वारी हुरड्याला आली आणि मला माळ्यावर चढवलं, पाखरं हाकायला. सासूबाईंनी नीट सांगितलं होतं: पाखरं बसली की एक हाक द्यायची, मग गप बसायचं. पण मी तेव्हा जगातली सगळ्यात शहाणी बाई होते. मी सकाळपासून ओरडले. पाखरू आलं तरी ओरडले, नाही आलं तरी ओरडले. यायचा विचार असलाच तर बदलावा म्हणून. गोफण अशी फिरवली की दगड जागेवर राहिला आणि गोफणच उडून गेली. दुसऱ्यांदा दगड गेला, तो सरळ खाली ठेवलेल्या पाण्याच्या मडक्यावर. घरी आले तर तोंडातून आवाज निघेना. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "पाखरं गेली का नाई थे मालूम नाई, पण सून मुकी झाली."

मला लाज वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला! ज्वारी घरात आली तेव्हा मी पोत्यांकडे अशी पाहत होते, जणू एकेक दाणा माझ्या घशातून निघालाय. आणि ती माळ्यावर चढलेली बाई पुढे कधी उतरलीच नाही. दुधाची राखण, पोरांच्या अभ्यासाची राखण, वाळवणाची, पाहुण्यांच्या चपलांची. यांच्या अंगावरून वारं गेल्यापासून यांची. हे उठले की मी मागे, हात पुढे करून, "सांभाळा, उंबरा आहे." उंबरा या घरात आम्ही राहायला आलो तेव्हापासून आहे.

तर दुपारी जेवणं झाली, भांडी झाली, की मी लॅपटॉप उघडून होडीपाशी जाऊन उभी राहायची. आणि रोज काहीतरी यायचंच. त्या बेटावर सुळेवाली जनावरं आहेत. नातीने इंग्रजी नाव सांगितलं होतं, मी त्यांना रानडुकरंच म्हणते. मी गेले की थोड्या वेळात झाडीतून दोन-तीन निघायची आणि धडाधड होडीवर. पट्टी आखडली की मी लाकडं तोडून फळ्या ठोकायची. ती ठोकून होईतो पाऊस. पावसाचं आवरलं की पुन्हा डुकरं.

मी सगळे उपाय केले. खुंट ठोकले. शेकोटी पेटवली. आमच्याकडे रानडुकरांसाठी शेताभोवती जुनी लुगडी बांधतात, तुम्ही रस्त्याने जाताना पाहिली असतील, लाल-हिरवी-पिवळी. मी कापड विणलं, रंगवलं, आणि होडीभोवती दोरीवर टांगलं. हे मधूनमधून विचारायचे, "काय म्हणते तुहा समुद्र?" मी म्हणायची, "गप बसा, डुक्कर आलं." आमच्या घरासमोरून जाणाऱ्या कोणी हे ऐकलं असतं तर दोघांनाही दवाखान्यात नेलं असतं.

डोळे चुरचुरायचे. मनगट दुखायचं. किनाऱ्याजवळची झाडं संपली, मग लांबून लाकूड आणायचं. माझी ती बारीक कमरेची बाई पळत जायची, पळत यायची, तिला काही वाटायचं नाही. इकडे मी खुर्चीत दमायची. आणि तरी पट्टी रोज आदल्या दिवसापेक्षा थोडी कमीच. नवरात्र आलं तेव्हा ती लाल झाली होती. मी नातीला सांगितलं नाही. ती विचारायची, "होडी आहे ना?" मी म्हणायची, "हाव, आहे." आहे हे खरंच होतं.

मग एका रविवारी दुपारी मी तिथेच उभी असताना ती अचानक आली. तिची बाई पाण्याच्या कडेने चालत आली आणि थांबली. माझा फोन वाजला.

"आजी, इथलं जंगल कुठी गेलं?"

"फळ्यांत गेलं."

"अन् हे रंगीत काय टांगलं चौफेर?"

"लुगडी. डुकरं बिचकतात."

"थे गेममधली डुकरं आहेत वो आजी! त्याइले काय मालूम लुगडं?" मग तिने होडी पाहिली असावी. "आजी, तू रोज येऊन राह्यली का इथं?"

"मग! जेवण झालं की बसते राखणीले. कोण करीन दुसरं?"

फोन बंद झाला असं मला वाटलं. आणि पलीकडून हसण्याचा आवाज आला. पुण्याला गेल्यापासून ऐकला नव्हता तो, नाकातून फुसकन सुटून मग खो-खो होणारा.

"माय वो! आजी, तू आली की थे येतात. तू नसली की इथं काईच होत नाई. डुक्कर नाई, लाट नाई, पाऊस नाई. जवळ माणूस नसला की गेम तिथल्या तिथं थांबून राह्यते. होडीले काई होतच नाई."

"म्हणजे म्या राखण नसती केली तं?"

"तं नवीच्या नवी राह्यली असती."

खाटेवर हे इतके हसले की ठसका लागला. मी पाणी द्यायला उठले तर हाताने खुणावून म्हणाले, "राहू दे. तू आली की वाढते."

मला फार राग आला. कुणाचा ते ठरेना. नातीला म्हटलं, "आधी नाई का सांगायचं?" ती म्हणाली, "सांभाळ म्हटलं थे बोलण्यापुरतं. मले वाटलं तू कायले जाशीन एकटी." तिचंही बरोबर. कोणती शहाणी बाई भरदुपारी रिकाम्या किनाऱ्यावर उभी राहते?

होडीची पट्टी आता बोटाच्या पेराएवढी उरली होती. दुरुस्त करायची तर लाकूड लांबून आणायचं, तोवर डुकरं येणार, आणि एक धक्का बसला की संपलं. नात म्हणाली, "आता हात नको लावू. दिवाळीले म्या आली की एक जण डुकरं हाणीन, एक जण फळ्या ठोकीन. तवर उघडूच नको, आजी. जमंन ना?"

"त्यात काय न जमण्यासारखं?" मी म्हटलं.

ते काम मला राखणीपेक्षा जड गेलं. दुपार झाली की पाय आपोआप टेबलाकडे. लॅपटॉपवर मी टॉवेल टाकून ठेवला होता, त्या टॉवेलच्या घड्या नीट करायची. मनात यायचं, असं कसं, आपण नाही म्हणजे पाऊसच नाही? एवढा समुद्र कुणाच्या भरवशावर थांबलाय? पोरीला तरी काय नक्की माहीत? एकदा झाकण उचललंही, नुसतं बघायला, हात न लावता.

"झाकण लाव," खाटेवरून आवाज आला.

"पुसून राह्यली."

"पुसायचं थे बाहेरून पुस."

आता ते माझी राखण करत होते आणि त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं. काही न करता, पडल्या पडल्या.

करायला काही नसल्यावर एका दुपारी मी आडवी झाले. भिंतीला टेकून डुलकी अशी नव्हे, चटईवर, उशी घेऊन. जाग आली तेव्हा चार वाजून गेले असावेत, उन्हं ओट्यावरून उतरली होती. हे खाटेवर नव्हते! मी धडपडत उठले. तर समोरच्या दारातून हे काठी टेकत आत आले. ओट्यावर जाऊन, समोरच्या दुकानदाराशी गप्पा मारून.

"कवा गेलते?" मी ओरडले.

"तू घोरून राह्यली होती तवा."

"पडले असते म्हणजे?"

"पडलो का?" ते सावकाश खाटेवर बसले, काठी भिंतीला लावली. "तू मांगं असली की माह्यं सगळं ध्यान मांगं राह्यते. समोर पाह्याचं राहून जाते."

मी चहा ठेवला. कामाला लागलं की मला उत्तर द्यावं लागत नाही, ही माझी जुनी सोय आहे.

दिवाळीला नात आली. एसटीतून उतरली तेव्हाच पोरगी पार थकली आहे हे मला कळलं. डोळ्यांखाली काळं, खांदे पुढे आलेले. मी टेबलाशी दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, लॅपटॉप चार्ज केला होता, आतून नाही, बाहेरून पुसला होता. तिने खुर्च्यांकडे पाहून हसल्यासारखं केलं, अर्धी करंजी खाल्ली आणि झोपली.

दिवसभर झोपली. मी आत गेले, पांघरूण नीट केलं. पुन्हा गेले, पंखा कमी केला. पुन्हा गेले आणि हळूच विचारलं, "झोपली का वो?" ती दचकून उठून बसली आणि "आलेच मॅडम" म्हणाली. स्वच्छ पुणेरीत. सुनेने मला हाताला धरून बाहेर आणलं.

लक्ष्मीपूजनाला उठली, पणत्या लावल्या, यांच्या पाया पडली, पुन्हा झोपली. सुट्टी ती केवढी! जायच्या दिवशी दुपारी मात्र आपण होऊन उठून आली, चहाचा कप घेऊन टेबलाशी त्या खुर्चीवर बसली. मी दुसऱ्या खुर्चीवर.

"उघडायचं का?" मी विचारलं.

तिने टॉवेलकडे पाहिलं. "उघडलं की डुकरं येतीन."

"येतीनच."

"मग लाकडं आणा, फळ्या ठोका, थे हाणा." ती कपात पाहत होती. "आजी, खरं सांगू का? माह्यात त्राण नाई."

"माह्यातही नाई."

बाहेर कोणाच्या तरी पोरांचे लवंगी फटाके तडतडत होते. खाटेवर हे पेपर चेहऱ्यावर घेऊन झोपले होते.

"होडी तं आहे ना पण," ती म्हणाली.

"आहे. पाह्यली नाई, म्हणून आहे."

"मग राहू दे. आपण आपलं मग जाऊ. एखाद्या वेळी झोप झालेली असली तवा." आणि ती कप बाजूला सरकवून, टेबलावर कोपरं टेकून, मला ऑफिसातल्या त्या मॅडमची नक्कल करून दाखवायला लागली. अस्सल वऱ्हाडीत, मोठ्याने. ती मॅडम वऱ्हाडीत बोलली असती तर कशी बोलली असती ते. पेपर खाली सरकला आणि त्यामागून हेही हसायला लागले.

संध्याकाळच्या गाडीला मी तिला पोचवायला गेले. मुलगा नको म्हणत होता, तरी गेले. खिडकीची जागा मिळाली होती. गाडी सुटायला वेळ होता आणि तेवढ्यात तिने काचेला डोकं टेकलं, तोंड थोडं उघडं, झोपली. तिच्या मांडीवरची पिशवी घसरत होती. अजून थोडी घसरली असती तर खाली पडली असती, आणि तीत फराळाचा डबा होता. काचेवर टकटक करायला मी हात उचलला.

मुलगा माझ्याकडे पाहत होता. मी हात पदरात घेतला.

पिशवी घसरत आली आणि पुढच्या सीटला अडून राहिली. गाडी हलली.